सुगरणीचं विणकाम आणि बाळाची बडबड



हरिहरेश्वरच्या बचत गटांच्या वतीने आम्ही बोलतोय. एरवी आमच्या बोलण्यात हप्ता, व्याज, बँकेचं कर्ज आणि मोदकांच्या ऑर्डरी असतात. आज आम्ही पाखरांविषयी बोलणार आहोत. पाखरू विणायला कसं शिकतं, गायला कसं शिकतं, आणि तेव्हा त्याच्या एवढ्याशा डोक्यात काय चालतं, ते सांगणार आहोत. बचत गटाला याचं काय, असं कुणी विचारेल. याचा धागा आपल्या घरातल्या रांगत्या बाळापर्यंत जातो. तेव्हा हातातलं काम चालू राहू दे, पण कान इकडे द्या.

सुरुवात सुगरणीपासून करू. पाऊस सुरू झाला, लावणी उरकली, की माडाच्या झावळ्यांना, शिंदीला, विहिरीवर वाकलेल्या बाभळीला खोपे लोंबकळायला लागतात. आपण कौतुकाने म्हणतो, काय सुगरण आहे! पण मैत्रिणींनो, तो खोपा विणतो नर. नाव बाईचं आणि राबणं बाप्याचं, अशी ही गंमत आहे. पावसाळ्यात ज्याचं डोकं आणि छाती पिवळीधमक होते, तो नर. एका खोप्यासाठी गवताच्या, भाताच्या पातीच्या, झावळीच्या बारीक चिरफळ्या चोचीत धरून तो पाचशेपर्यंत फेऱ्या मारतो. पुरा खोपा व्हायला साधारण १८ दिवस लागतात.

हे सगळं नीट बघून लिहून ठेवलं ते आपल्याच रायगडच्या किनाऱ्यावर. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली १९३० साली जर्मनीतून शिकून परत आले, तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा पैशाअभावी रद्द झालेली. नोकरी नाही, म्हणून ते आणि त्यांच्या पत्नी तेहमिना अलिबागजवळ किहीमला राहायला आले. तिथे सुगरणींची वसाहत होती. ते तासन्‌तास बसून बघत राहिले. त्यांच्या ध्यानात आलं, की नर अर्धा खोपा विणतो आणि थांबतो. तेव्हा तो उलट्या टोपीसारखा दिसतो. मग नर पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरते, बघते. पसंत पडला तर संसार मांडते, मग नर खालची नळी विणून खोपा पुरा करतो. ती अंड्यांवर बसली, की हा पुढचा खोपा विणायला घेतो. पसंत नाही पडला, तर ती सरळ निघून जाते. म्हणजे विणणारा तो, पण परीक्षा घेणारी ती. ही परीक्षा घेणारी लक्षात ठेवा. पुढे तिचं काम आहे.

आता प्रश्न असा, की हे विणकाम पाखराला जन्मताच येतं का? आपण म्हणतो, ‘उपजतच आहे ते, त्याला कोण शिकवतंय?’ थोडं खरं आहे. विणायची ओढ उपजत असते. पण सफाई उपजत नसते. आफ्रिकेत आपल्या सुगरणीचे भाऊबंद आहेत. त्यांच्यावर निकोलस आणि एल्सी कोलियास या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञ नवरा-बायकोने काम केलं. १९६४ साली त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. काही तरुण नरांना त्यांनी लहानपणापासून विणायला हिरवी पात मिळूच दिली नाही. एरवी ही पोरं खेळता खेळता पात ओढतात, गाठी मारायला बघतात, वेडेवाकडे अर्धवट खोपे करतात. या नरांना ते करायला मिळालं नाही. मोठेपणी पात हातात दिली, म्हणजे चोचीत दिली म्हणा, तर सुरुवातीला त्यांना एक पात धड गुंफता येईना. पुढे सराव केला तरी बरोबरीच्या नरांएवढी सफाई आली नाही. दुसऱ्या एका जातीत असं दिसलं, की नर जसजसे जास्त खोपे विणतात तसतशा त्यांच्या चोचीतून पाती कमी गळतात.

आपल्याला हे समजायला वेळ लागत नाही. मोदकाच्या कळ्या पाडायला कोणती मुलगी पोटातून शिकून येते? पहिल्या वर्षी पारी फाटते, दुसऱ्या वर्षी कळ्या जाड होतात. मग कधीतरी बोटं आपोआप चालायला लागतात आणि आपण गप्पा मारत मारत एकवीस मोदक वळून मोकळ्या होतो. पाखराचंही तसंच आहे.

आता विणकामावरून गाण्याकडे येऊ. इथे पाखरांच्या दोन जाती पडतात.

एक, ज्यांना आवाज शिकावा लागत नाही. आपला कोंबडा घ्या. मासाकाझू कोनिशी नावाच्या शास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवलं, की कोंबडीच्या पिल्लाला ऐकू येत नसलं तरी ते मोठेपणी इतरांसारखंच ओरडतं. कोकीळही त्यातलाच. तो कावळ्याच्या घरट्यात वाढतो, दिवसभर काव काव ऐकतो, पण वेळ आली की ‘कुहू’च करतो. त्याचं गाणं त्याच्या रक्तातच आहे.

दुसरे, ज्यांना आवाज ऐकून शिकावा लागतो. दयाळ, मुनिया, कोतवाल हे गाणारे पक्षी त्यातले. पोपट आणि अमेरिकेतले गुंजन पक्षीही त्यातलेच. आपल्या रानातला भृंगराज कोतवाल तर दुसऱ्या पाखरांच्या हुबेहूब नकला करतो. इंग्लंडमध्ये विल्यम थॉर्प यांनी १९५० च्या दशकात चॅफिंच नावाच्या पाखराची पिल्लं एकेकटी वाढवली, मोठ्यांचं गाणं त्यांच्या कानावर पडू दिलं नाही. ती मोठी होऊन गायली खरी, पण गाणं ओबडधोबड, अर्धंमुर्धं. पुढे १९६५ साली कोनिशींनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. एखाद्या पिल्लाने बापाचं गाणं ऐकलेलं असलं, पण सराव सुरू होण्याआधी त्याचे कान गेले, तर त्याला ते गाणं कधीच नीट येत नाही. कारण ऐकलेलं गाणं आणि आपल्या चोचीतून निघालेलं गाणं, दोन्ही कानांनी ताडून बघावं लागतं. चुकलं कुठे, ते कानच सांगतो.

म्हणजे कान दोनदा लागतो. एकदा दुसऱ्याचं ऐकायला आणि एकदा स्वतःचं ऐकायला. आजच्या बोलण्यातलं हे मुख्य वाक्य आहे.

गाणं शिकायचा क्रम कसा असतो, ते झेब्रा फिंच नावाच्या पाखरावर सगळ्यात जास्त अभ्यासलं गेलंय. हे पाखरू मूळचं ऑस्ट्रेलियातलं. चोच लाल, गाल नारिंगी. पिंजऱ्यात पाळलेलं तुम्ही पाहिलं असेल. पिल्लू आधी बापाचं गाणं ऐकून मनात साठवतं. पाच-सहा आठवड्यांचं झालं, की स्वतः कुरकुर सुरू करतं. त्यात ना सूर ना ताल, नुसती बडबड. हळूहळू त्यातून तुकडे जुळतात. तीन महिन्यांचं होईपर्यंत गाणं पक्कं होतं आणि मग जन्मभर जवळपास तेच राहतं.

आता त्याच्या मेंदूत डोकावू. या पाखराचा अख्खा मेंदू अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. पण पक्ष्यांच्या मेंदूत पेशी फार दाटीवाटीने असतात, त्यामुळे आकारावर जाऊ नका. १९७६ साली फर्नांडो नॉटेबोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनरी पक्ष्याच्या मेंदूतली गाण्याची ठाणी शोधून काढली. त्यांना जोडणारे रस्ते दोन आहेत.

पहिला रस्ता गाणं म्हणायचा. त्यावरच्या पहिल्या ठाण्याला शास्त्रज्ञ एचव्हीसी म्हणतात. तिथून हुकूम दुसऱ्या ठाण्यावर जातो आणि तिथून खाली श्वासाच्या आणि आवाजाच्या स्नायूंकडे. पाखराचं स्वरयंत्र आपल्यासारखं गळ्यात नसतं, ते छातीत असतं, श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात तिथे. पहिल्या ठाण्यातल्या पेशींचं काम कसं चालतं ते ऐका. दुसऱ्या ठाण्याला हुकूम देणारी प्रत्येक पेशी गाण्यातल्या एका ठरलेल्या क्षणीच बोलते, एकदाच, आणि गप्प होते. मग पुढच्या क्षणाची पेशी बोलते. भजनात एकेकाने आपल्या जागेवर एकच टाळ वाजवावा आणि सगळ्यांचा मिळून ठेका व्हावा, तसं. ही शिस्त सरावाने बसते.

दुसरा रस्ता शिकायचा. तो मेंदूच्या पुढच्या बाजूने वळसा घालून पुन्हा पहिल्या रस्त्याला मिळतो. पिल्लाची ती वेडीवाकडी बडबड येते ती या रस्त्यावरून. हा रस्ता मुद्दाम वेगवेगळं करून बघायला लावतो. असं म्हणून बघ, तसं म्हणून बघ. जमलं ते ठेव, नाही ते टाक. पिल्लू लहान असताना हा रस्ता बिघडला, तर त्याचं शिकणं तिथेच अडतं. पण मोठ्या पाखराचं गाणं एकदा पक्कं झालं, की या रस्त्याला इजा झाली तरी ते गाणं फारसं बिघडत नाही. स्लॅब ओतताना खाली सेंट्रिंग लागतं. स्लॅब भरला, की सेंट्रिंग काढलं तरी चालतं. पण ओला असताना काढलं तर? तेच इथे आहे.

आणि सराव फक्त जागेपणी होत नाही. शिकागो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवलं, की झेब्रा फिंच झोपलेलं असतानाही त्याच्या मेंदूत गाण्याच्या वेळचे ठेके उमटतात. दिवसा घोकलेलं रात्री मेंदू पुन्हा उजळतो. म्हणून मैत्रिणींनो, शिकत्या पोराची झोप म्हणजे आळस नव्हे.

आता विणणं आणि गाणं यांची गाठ कुठे पडते ते बघू. एरिक जार्विस हे अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ. तरुणपणी ते नाचाचं शिक्षण घेत होते, पुढे शास्त्राकडे वळले. त्यांच्या गटाने २००८ साली दाखवलं, की गाणारे पक्षी, पोपट आणि गुंजन पक्षी या तिन्ही घराण्यांत मेंदूतली गाण्याची ठाणी ही पंख-पाय हलवायच्या भागांना अगदी लागून असतात. त्यांचं म्हणणं असं, की आवाज शिकायची सोय ही अंगाच्या हालचाली शिकवणाऱ्या जुन्या सोयीतूनच निघाली असावी. जुन्या घरालाच एक नवी पडवी काढावी, तशी. स्कॉटलंडमधल्या शास्त्रज्ञांनी घरटं बांधणाऱ्या झेब्रा फिंचचा मेंदू तपासला. तिथेही हालचालींचा हा पुढचा रस्ता कामाला लागलेला दिसला. गुंतागुंतीची घरटी बांधणाऱ्या पक्ष्यांच्या लहान मेंदूला घड्या जास्त असतात, असंही त्यांना आढळलं. लहान मेंदू म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूचा, हालचालींत नेमकेपणा आणणारा भाग.

आपल्याला हे ऐकून नवल वाटायला नको. आपल्या आज्या-पणज्या जात्याचा खुंटा धरूनच ओवी म्हणत होत्या. हात फिरला की ओवी येई, हात थांबला की अडे. गौरीच्या रात्री झिम्मा-फुगडी बसून म्हणून दाखवा बरं! शब्द आठवायला पाय हलवावे लागतात. आपल्याकडच्या जाखडीत गाणं आणि पाय वेगळे काढताच येत नाहीत. हात, पाय आणि गळा ही मेंदूत शेजारी राहणारी माणसं आहेत.

आता त्या परीक्षा घेणारीकडे येऊ. झेब्रा फिंचची मादी गात नाही. तिच्या मेंदूतली गाण्याची ठाणी लहानच राहतात. पण म्हणून सगळ्या पाखरांत माद्या मुक्या असतात असं समजू नका. बराच काळ पुस्तकांत तसंच लिहिलेलं असायचं, कारण अभ्यास करणारे थंड देशांतले आणि त्यांच्या अंगणातल्या माद्या बहुधा कमी गाणाऱ्या. २०१४ साली जगभरातल्या जाती तपासल्या, तेव्हा माहिती मिळालेल्या दर दहा जातींमधल्या सातांत माद्याही गातात असं निघालं. कुणाचा आवाज मोजायचा राहून गेला म्हणजे तो नव्हता, असं होत नाही.

आणि जी गात नाही तीसुद्धा शिकवते. अमेरिकेत काऊबर्ड नावाचं पाखरू आहे. त्याची मादी गात नाही. पण तरुण नर गात असताना एखादा तुकडा आवडला, की ती पंख किंचित झटकते. डोळ्यांनी पटकन टिपता येणार नाही एवढंच. नर तो तुकडा धरून ठेवतो. १९८८ साली हे प्रसिद्ध झालं. झेब्रा फिंचवरही २०१९ साली तसाच अभ्यास झाला. पिल्लू सराव करत असताना नेमक्या त्या वेळी त्याला मादीने पिसं फुलवल्याचं चित्र दाखवलं. दुसऱ्या पिल्लांना तेच चित्र दाखवलं, पण त्यांच्या गाण्याशी वेळ न जुळवता. पहिली पिल्लं जास्त चांगली शिकली. म्हणजे नुसतं काहीतरी समोर असणं पुरत नाही. पिल्लाने आवाज काढला की त्याच क्षणी कुणीतरी ‘हो, ऐकलं मी’ असं दाखवायला लागतं.

मैत्रिणींनो, आता आपल्या बाळाकडे या. माकडं आपली जवळची, पण पाखरासारखं ऐकून नवे आवाज शिकणं त्यांना जवळपास येत नाही. या बाबतीत आपलं बाळ त्या मुनियेच्या पिल्लाला जवळचं आहे. तेही आधी ऐकतं, मग बडबडतं, मग बोलतं. त्यालाही कान दोनदा लागतो. आणि त्यालाही उत्तर देणारं माणूस लागतं. २००३ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी बोलणारी माणसं बारा वेळा येऊन खेळली, बोलली. त्या बाळांना चिनी भाषेतले बारीक फरक कळायला लागले. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं, पण टीव्हीवर दाखवलं. ती काहीच शिकली नाहीत. त्याच वर्षी आणखी एका अभ्यासात दिसलं, की बाळाने ‘बा’ केल्या केल्या आई हसली, तिने हात लावला, तर बाळाची बडबड तिथल्या तिथे सुधारते.

म्हणून आम्ही गटाच्या बैठकीत सांगतो, की बाळाला भरवताना मोबाईलवर कार्टून लावू नका. मोबाईल बोलतो, पण ऐकत नाही. बाळाने ‘अगू’ केलं तर तो ‘काय गं सोन्या?’ म्हणत नाही. आपल्यातल्या कितीतरी जणींचे घरधनी मुंबईला कामाला असतात. त्यांचा व्हिडिओ कॉल मात्र वेगळा. तिथे बाबा बाळाला बघून हसतात, उत्तर देतात. तो कॉल जरूर करा. बाळाशी बोलायला शुद्ध भाषा लागत नाही, शिक्षण लागत नाही. तुमची जी भाषा ती बोला. मालवणी, आगरी, कोळी, बाणकोटी, काहीही. मासे साफ करताना, सुपारी सोलताना, भांडी घासताना बोला. बाळ ‘ब्बा’ म्हणालं की हातातलं सोडून त्याच्याकडे बघा.

पण काही बाळांच्या बाबतीत अडचण वेगळीच असते. कान.

आमच्या एका ताईंची नात अडीच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. पोर हसरी, नजरेने सगळं टिपणारी. त्यामुळे कुणाला शंका आली नाही. घरातले म्हणत, हिचा आजाही उशिरा बोलला होता. शेजारणी म्हणत, देवीला नवस बोला. एका दवाखान्यात दाखवलं, तिथे ‘थोडं थांबा, बोलेल’ असं सांगितलं. त्या थांबल्या. शेवटी अंगणवाडीत तपासणी पथक आलं, त्यातल्या डॉक्टर बाईंनी पोरीच्या पाठीमागून टाळी वाजवली. पोरीने मान वळवली नाही. पुढे कानाची नीट तपासणी झाली, यंत्र मिळालं, बोलायला शिकवणाऱ्या तज्ज्ञांकडे फेऱ्या सुरू झाल्या. आज ती साडेचार वर्षांची आहे. ‘आजी’ म्हणते, ‘पाणी’ म्हणते, छोटी वाक्यं जुळवते. बरोबरीच्या मुलांच्या मागे आहे. ताई आता एकच म्हणतात, ‘ती दीड वर्षं मला परत मिळायला हवी होती.’

स्लॅब ओला असतानाचा काळ तो हाच. बोलणं बसायचा काळ पहिल्या दोन-तीन वर्षांत सगळ्यात जोरात असतो. म्हणून डॉक्टरांचा ठोकताळा असा, की जन्मल्यावर महिन्याभरात कानाची तपासणी, तीन महिन्यांपर्यंत पक्कं निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू. तपासणीत सुई नाही, रक्त नाही. बाळाच्या कानात छोटीशी बोंडी ठेवतात, बारीक आवाज सोडतात आणि यंत्र कानाचा प्रतिसाद मोजतं. बाळ झोपलेलं असलं तर उत्तमच.

घरच्या घरी काय बघायचं? मोठा आवाज झाला की तान्हं बाळ दचकतं का? सहा महिन्यांचं बाळ आवाजाच्या दिशेने मान वळवतं का? वर्षाच्या आसपास नाव घेतल्यावर बघतं का, एखाद-दुसरा शब्द म्हणतं का? दोन वर्षांचं होईपर्यंत दोन शब्द जोडतं का, ‘आई ये’, ‘दूध दे’ असं? यातलं काही नसेल तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणून बसू नका. आणि एक ध्यानात ठेवा. ऐकू न येणारं बाळही सुरुवातीला आवाज काढतं. तेवढ्यावरून कान ठीक आहेत असं धरू नका. जन्मतः वजन कमी असेल, कावीळ जास्त झाली असेल, बाळ काचेच्या पेटीत राहिलं असेल, मेंदूज्वर झाला असेल, नात्यातलं लग्न असेल किंवा घरात कुणी लहानपणापासून बहिरं असेल, तर तपासणी करूनच घ्या. बाळाच्या कानात तेल ओतू नका, काडी घालू नका. कान वाहत असेल तर डॉक्टरांकडे न्या.

यासाठी पैसे नाहीत म्हणून अडायचं कारण नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं आणि शाळेत एकदा. कानाची तक्रार त्यांच्या यादीतच आहे. पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी केंद्राची तरतूद आहे, त्याला डीईआयसी म्हणतात. मुंबईला वांद्र्यात अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून हेच काम करते. श्रवणयंत्रासाठी, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना कानात बसवायच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, केंद्र सरकारची एडिप योजना आहे. आपल्या आशाताईंना, अंगणवाडी ताईंना विचारा.

ज्यांना यंत्रानेही ऐकू येत नाही त्यांचं काय? त्यांच्या मेंदूत भाषा नसते का? असते. १९९१ साली कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं, की खुणांची भाषा बोलणाऱ्या घरातली बहिरी बाळं हातांनी बडबडतात. बोटांची तीच तीच हालचाल पुन्हा पुन्हा, जशी दुसरी बाळं ‘बाबाबा’ करतात. गळ्याची वाट बंद असली, तर शेजारच्या घरातून, हातातून, भाषा बाहेर येते. म्हणून अशा मुलाला खुणा करू नकोस म्हणून कुणी हातावर मारत असेल, तर त्याला थांबवा. त्याच्याशी हातांनी बोला. भारतीय सांकेतिक भाषा शिकता येते, आईने शिकली तर मूल शिकतं.

आणि आपल्यासारख्या चाळिशी-पन्नाशीच्या बायकांचं? झेब्रा फिंचचं गाणं तीन महिन्यांत गोठतं हे खरं. पण कॅनरी पक्षी दरवर्षी आपल्या गाण्यात नवे तुकडे घालतो, आणि मोठेपणीही त्याच्या मेंदूत नव्या पेशी येतात, हे १९८३ साली नॉटेबोम आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवलं. पहिली भाषा बसायचा काळ लवकरचा आहे, पण हात शिकायचे थांबत नाहीत. आमच्या गटात पंचावन्न वर्षांच्या काकूंनी शिलाई मशीन शिकून घेतली. त्यांना कुणी ‘आता कशाला’ म्हणालं नाही, एवढंच आम्ही केलं.

तर पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर पाच मिनिटं एक काम करा. आपल्या गटातल्या सगळ्या घरांत तीन वर्षांखालची मुलं कोण कोण आहेत, त्यांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. प्रत्येकाच्या नावापुढे दोन प्रश्न. नाव घेतल्यावर बघतं का? वयाप्रमाणे बोलतं का? एखाद्या नावापुढे ‘नाही’ आलं, तर त्या आईला दोष देऊ नका. दोघी जणी तिच्यासोबत तपासणीला जा, एसटीचं भाडं गटातून द्या. कर्जाची परतफेड आपण जशी चुकू देत नाही, तशी ही तारीखही चुकू देऊ नका.

आणि सुगरणीचा खोपा दिसला, तर खाली पडलेला असल्याशिवाय उचलू नका. वरती कुणीतरी अजून शिकत असेल.